माती निळी नसते!

विचारणा अशी: चिनी कलाकार ऐ वेईवेई यांच्या निळ्या-पांढऱ्या थाळ्यांबद्दल लिहिताना 'निळ्या चिनी मातीच्या थाळ्या' म्हटलेलं चालेल का? आणि चिनी माती चीनमधलीच असावी लागते का?

चालणार नाही. हा प्रयोग वाचून वाचून कंटाळा आलाय. माती पांढरीच असते. तिच्यावर कोबाल्ट या धातूपासून मिळणाऱ्या निळ्या रंगाने चित्र काढतात, वर झिलई देतात आणि साधारण १३०० अंशांच्या भट्टीत भाजतात. निळं असतं ते झिलईखालचं चित्र. 'सिरॅमिक' म्हणूनही सुटका नाही, त्यात वीट आणि कौलही येतं. आणखी एक, 'वेईवेई म्हणाले' असं छापणाऱ्यांनो, ऐ हे आडनाव आहे हो. चिनी नावात ते आधी येतं! माती मात्र कुठल्याही देशाची चालते, 'चिनी' हे नुसतं नाव. फारसीत या भांड्यांना नुसतं 'चीनी' म्हणतात, तुर्कीत तर 'चिनी' म्हणजे नक्षीची फरशी.

'पोर्सेलिन' (चिनी माती) हा शब्द कवडीच्या इटालियन नावावरून आला आणि 'कोबाल्ट' हा एका जर्मन भुताच्या, हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो. खरी मजा निळ्यात आहे.

चौदाव्या शतकात चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध अशा चीनमधल्या जिंगदेझेनच्या भट्ट्यांवर नावाजलेलं निळं इराणकडून यायचं. बाहेरून येणाऱ्या या रंगाला चिनी लोक पुढे 'हुइहुइ-चिंग' म्हणू लागले, म्हणजे मुसलमानांचं निळं. इराणमधल्या काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ मध्ये या कलेवर लिहिताना कोबाल्टच्या दगडाला 'लाजवर्द' म्हटलंय. मुळात लाजवर्द म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानचं निळं रत्न. रंग जुळला म्हणून नाव इकडे लागलं. हाच शब्द युरोपात गेला, तिथे सुरुवातीचा 'ल' लोकांना उपपद (इंग्रजी 'द'सारखं) वाटला आणि गळला. उरलं इटालियन 'अझ्झुर्रो', स्पॅनिश 'असुल'.

आणि आपल्याकडे? रसशास्त्राच्या (धातू-खनिजांपासून औषधं करण्याच्या विद्येच्या) ग्रंथांतला 'राजावर्त'! ल-रची अदलाबदल, बस्स. काही पंडित 'राजा + आवर्त' अशी फोड करून फारसीनेच आपल्याकडून शब्द उचलला, असं ठासून सांगतात. दगड बदख्शानचा, खाण बदख्शानची, आणि नाव तेवढं आपण पाठवलं? शिवाय आवर्त म्हणजे भोवरा. लाजवर्दात सोनेरी ठिपके दिसतात, भोवरा या मंडळींनी कुठे पाहिला? आल्या शब्दाची मुंज लावायची ही जुनी खोड आहे. 'केंद्र' आणि 'होरा' हे ग्रीक पाहुणेसुद्धा जानवं घालूनच बसलेत. माझ्या मते राजावर्त हा त्याच पंगतीतला. कुणाकडे उलट पुरावा असेल तर जरूर दाखवावा. पण पुरावा, अभिमान नव्हे.

थाळ्यांबद्दल सांगायचं तर त्या २०१७ च्या. त्यांवर युद्ध, पडकी शहरं, समुद्र ओलांडणारे निर्वासित, छावण्या, निदर्शनं अशी चित्रं आहेत. ऐंनी २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये सूर्यफुलाच्या १० कोटी बिया पसरल्या होत्या. त्या जिंगदेझेनच्याच, हातांनी रंगवलेल्या, पण काळ्या-करड्या. या थाळ्यांवर 'शुद्ध चिनी परंपरा' असा शिक्का मारणाऱ्यांनी आधी लाजवर्दाचा प्रवास वाचावा.

हां, मूळ प्रश्न. चिनी भाषेत या कामाला 'चिंगह्वा' म्हणतात: निळी फुलं. पांढऱ्याचं नावही नाही. तेव्हा 'निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या थाळ्या' असं लिहा.