ऑइल चहासारखं झालंय? हेड उघडण्याआधी ऑइल कूलर तपासून घ्या

तुमचा प्रश्न असा आहे: नऊ वर्षांची डिझेल गाडी, डिपस्टिकला दुधाच्या चहासारखं ऑइल, कूलंट सारखं कमी होतंय पण खाली जमिनीवर एक थेंब नाही. गॅरेजवाले म्हणतात हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं सील) गेलं, हेड उतरवावं लागेल. उतरवू द्यावं का?

लगेच नाही. पण त्याआधी गाडी आहे तिथेच उभी ठेवा, सेल्फसुद्धा मारू नका. गॅरेजला न्यायची तर टोचन करून न्या. कूलंट मिसळलेलं ऑइल बेअरिंगवर धड थर धरत नाही. कूलंटमधल्या ग्लायकॉल या रसायनामुळे त्याचा चिकट गाळ होतो आणि तो ऑइल पंपाच्या जाळीत बसतो. आज गळती छोटी असेल, पण क्रँकची बेअरिंग घासली की पूर्ण इंजिन खाली घ्यावं लागतं.

माझ्याही डिझेल गाडीला हेच झालं होतं. पहिल्या गॅरेजने काहीही न तपासता हेड उतरवलं, गॅस्केट बदललं, पैसे घेतले. पंधरा दिवसांत ऑइल पुन्हा दुधाळ! मग कोल्हापुरात उद्यमनगरात काम शिकलेल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी सगळ्यात आधी कूलंटच्या डबीचं झाकण उघडलं आणि आत बोट फिरवलं. बोटाला काळपट, लोण्यासारखी साय लागली. ते म्हणाले, "हेडला हात लावू नका, आधी कूलर काढा."

पुष्कळ डिझेल इंजिनांना ऑइल फिल्टरच्या बैठकीलाच एक छोटा कूलर असतो. त्याच्या एका बाजूने ऑइल वाहतं, दुसऱ्या बाजूने कूलंट, मध्ये फक्त पातळ पत्रा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब साधारण 3 ते 4 बार आणि कूलंटचा जेमतेम 1 बार, म्हणून पत्र्याला भोक पडलं की ऑइल कूलंटमध्ये ढकललं जातं. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब क्षणात शून्य होतो, पण गरम कूलंटचा दाब बराच वेळ टिकतो. मग कूलंट ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डबीत ऑइलची साय दिसली तर पहिला संशय कूलरवर घ्यायचा. साय नाही म्हणून कूलर निर्दोष ठरत नाही, आणि हेड गॅस्केटनेही कधीकधी दोन्हीकडे मिसळ होते. त्यामुळे अंदाजावर न जाता तपासून घ्या.

प्रेशर टेस्टला इंजिन चालू करावं लागत नाही. झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची, रात्रभर ठेवायची. सकाळी चेंबरचा (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं) नट हळूच सैल करा. कूलंट ऑइलपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतं आणि आधी तेच बाहेर येतं. मग कूलर काढून, त्याची एक बाजू बंद करून, हवा भरून गरम पाण्याच्या बादलीत बुडवायचा, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसा. गरम पाणीच घ्या, काही भेगा तापल्याशिवाय उघडत नाहीत. माझ्या कूलरमधून बुडबुडे आले. कूलर आणि त्याचे रबर सील बदलले, विषय मिटला.

कूलर ठीक निघाला तरच हेडकडे वळा. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरात होज पाइप टणक होतो का, डबीत सतत बुडबुडे येतात का, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का, हे बघायचं. पण ताजं ऑइल भरूनच, आणि थोडाच वेळ. हेड उतरवलंच तर नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू देऊ नका. हेड मशीन शॉपला पाठवून भेगेसाठी प्रेशर टेस्ट करून घ्या, सरळ पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) ते वाकलंय का ते मोजून घ्या. हेडचे बोल्ट नवे घाला. डिझेलला गॅस्केट वेगवेगळ्या जाडीचं येतं, जुन्यावरच्या खाचा किंवा भोकं बघून त्याच जाडीचं मागवायचं.

काम झाल्यावरची सफाई लोक टाळतात, आणि दुरुस्त झालेलं इंजिन तिथेच वाया जातं. चेंबर खाली घेऊन जाळी धुवायला सांगा. नवा फिल्टर आणि साधं स्वस्त ऑइल घालून दहा मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं, मग ते ऑइल काढायचं, दुधाळ असेल तर पुन्हा तेच. मग चांगलं ऑइल, आणि 500 किलोमीटरनंतर तेही बदला. ऑइलने फुगलेले रबरी होज बदला. आणि गळती बंद करणारी बाटली डबीत ओतू नका, तिने रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्या चोंदतात.

एक शंका राहते. पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या होत असतील तर ऑइल भरायच्या झाकणाखाली वाफेचाही पांढरा फेस जमतो. पण तेव्हा डिपस्टिक स्वच्छ असते आणि कूलंट कमी होत नाही. तुमचं दोन्ही बिघडलंय, म्हणून ती शक्यता मी धरत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना डबीचं झाकण उघडा आणि आत साय आहे की नाही ते खाली कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.