आंबा घाटाजवळ जमीन घ्यायचीय? मग आधी माहेरच्या हक्कसोडावर सही करू नका

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बँकेतनं रिटायर झालाय, मिस्टरांना कोल्हापुरातली धूळ सोसत नाही, म्हणून डोंगरातल्या एखाद्या लहान गावी कायमचं राहायला जायचंय. आंबा घाटाजवळ पाच गुंठ्यांचा तुकडा, पन्हाळ्यावर एक जुनं घर आणि पाहुण्यांनी सुचवलेली आंबोलीची जमीन, अशा तीन जागा बघून झाल्यात. आंब्याच्या एजंटला नोटरीवर एक लाख विसार पण दिलाय, कारण तो म्हणाला "माहेरची शेती हाय न्हवं, मग तुम्ही शेतकरीच की". आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ, की पुढच्या महिन्यात भाऊ हक्कसोड पत्रावर (माहेरच्या जमिनीतला तुमचा वाटा सोडून देण्याच्या कागदावर) सही घेणार आहेत, त्यात काही अडचण नाही ना.

ताई, सगळी अडचण त्या शेवटच्या ओळीतच आहे.

1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 असं सांगतं की शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी पाहिजे, नाहीतर कलेक्टरची परवानगी पाहिजे. आता तुम्ही शेतकरी आहात का? वडील 1998 ला वारले, वारसा नोंद झाली तेव्हा दोघा भावांची नावं खातेदार म्हणून लागली आणि तुमचं नाव सातबाऱ्यावर "इतर हक्कात" टाकलं, म्हणजे खातेदारांच्या रकान्यात नाही. हे आपल्याकडं घरोघरी झालंय, बहिणीला विचारतंय कोण. पण उद्या आंब्याच्या जमिनीची फेरफार नोंद (सातबाऱ्यावर नवं नाव चढवायची) धरायच्या वेळी तलाठी (त्यांचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय पण तोंडात तलाठीच बसलंय) तुमच्याकडं शेतकरी असल्याचा पुरावा मागणार, आणि इतर हक्कातलं नाव दाखवलं की तिथंच घोडं अडणार. त्यात हक्कसोड करून बसलात तर तेवढाही धागा संपला. तरीही कसंतरी खरेदीखत रजिस्टर झालं आणि पुढं कुणी तक्रार केली तर कलम 84-क खाली तहसीलदार चौकशी लावतात, व्यवहार अवैध ठरला तर जमीन सरकारजमा होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

तुमचा हक्क मात्र पक्का आहे. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा केसमध्ये स्पष्ट केलंय की वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानंच भागीदार असते, 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात नसले तरी. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर रजिस्टर वाटणी किंवा कोर्टाचा हुकूम झाला असेल तर गोष्ट वेगळी. नुसतं "आमची तोंडी वाटणी झालीय" असं भाऊ म्हणाले तर ते सहजासहजी चालत नाही.

भावांशी वाकडं घ्यायचं नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि घेऊही नका. पण हक्कसोड सगळ्याच गटांचं करायला पाहिजे असं कुठं आहे? जमिनीचे चार गट आहेत म्हणता, तर तीन गटांवरचा हक्क भावांना आनंदानं सोडा आणि एका गटात तुमचं नाव इतर हक्कातनं काढून सामाईक खातेदार म्हणून घ्या. भावांची लेखी संमती असेल तर काम सोपं. नसेल तर मूळ वारसा फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडं विलंब माफीच्या अर्जासकट अपील करायचं, त्याला वेळ लागतो. हक्कसोड पाचशेच्या स्टॅम्पवर होतं म्हणून लोक ते किरकोळ समजतात, पण एकदा रजिस्टर झालं की मागं फिरणं म्हणजे दिवाणी दावा. आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, मुंबईची वारी वाचली हे खरं, पण म्हणून भावाबहिणीनं तिथं भेटायचं होय?

आता गावाचं बघू. आंब्याचा तुकडा मी तुमच्या जागी असतो तर सोडला असता, तुम्ही उद्या शेतकरी झालात तरी. तुकडेबंदी कायद्यात जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे त्याहून लहान तुकडा पाडायचा नाही अशी मर्यादा, 2023 पासून आहे, आणि तुम्हाला विकतायत जिरायतीतले पाच. मग एजंट म्हणतो सामाईक हिस्सा म्हणून खरेदी करू, म्हणजे सातबाऱ्यावर तुमच्यासारखी अजून दहा-बारा नावं, हद्द कागदावर कुठंच नाही, आणि बांधकाम परवानगी मागायला गेलात की बाकीच्या सगळ्यांच्या संमत्या आणा. शिवाय आंबा ज्या तालुक्यात येतं त्या शाहूवाडीची बरीच गावं पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह क्षेत्राच्या मसुद्यात आहेत, जमीन खाजगी वन म्हणून लागलीय का तेही बघावं लागतं. विसाराचे पैसे मागायला आत्ताच वकिलामार्फत नोटीस द्या, जो करार कायद्यानंच उभा राहू शकत नाही त्यात घेतलेले पैसे परत करायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. तीन वर्षांची मुदत असते, बघू करू म्हणत बसू नका. आणि आणखी एक रुपयाही देऊ नका.

आंबोलीबद्दल थोडक्यातच सांगतो. तिथं, गेळ्याला आणि चौकुळला कबुलायतदार गावकर जमिनींचा (गावकऱ्यांच्या सामाईक वहिवाटीतल्या जुन्या जमिनींचा) घोळ पिढ्यानपिढ्या चाललाय, वाटपाचा प्रश्न खुद्द गावकऱ्यांनाच पुरून उरलाय, तुम्ही बाहेरनं जाऊन त्यात पैसे अडकवू नका. मुलगा हिमाचलचं नाव घेतोय असंही लिहिलंय, तिथं त्यांच्या जमीन कायद्याचं कलम 118 आहे, तिथला शेतकरी नसेल त्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन मिळत नाही. आपलं 63 त्यापुढं मऊ वाटेल.

राहिला पन्हाळा. मला हाच पटतो. गावठाणातलं बांधलेलं घर आहे, सिटी सर्व्हेची मिळकत आहे, त्यामुळं शेतकरी असण्याचा प्रश्नच येत नाही. पण घरफाळ्याची पावती म्हणजे मालकी नव्हे, मालमत्ता पत्रक मागा, तीस वर्षांचा सर्च (मागच्या खरेदी-विक्री आणि बोज्यांची तपासणी) घ्या, पेपरात जाहीर नोटीस द्या. आणि खरी मेख पुढं आहे. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं संरक्षित आहे, संरक्षित वास्तूपासून 100 मीटरमध्ये नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीनं. जुन्या घराची दुरुस्ती करायची तरी परवानगी लागते. जुलै 2025 ला पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला, त्यामुळं आता कुणी काणाडोळा करेल या भरवशावर राहू नका. वर एक मजला चढवायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो होईल असं धरून किंमत ठरवू नका. घर आहे तसं राहण्यालायक आहे का एवढंच बघा.

अजून एक, हे वकिलीच्या बाहेरचं. 2021 च्या पावसात पन्हाळ्याचा रस्ता खचला होता, आणि मिस्टरांना दम्याचा त्रास असताना दवाखाना म्हटलं की खाली कोल्हापूरलाच यावं लागणार. धूळ नको म्हणून वर जाताय, पण पन्हाळ्याचं धुकं आणि ओल दम्याला मानवते का हे डॉक्टरांना विचारा. मालक तयार असेल तर तेच घर अकरा महिन्यांच्या रजिस्टर लिव्ह अँड लायसन्सवर घ्या, एक पावसाळा काढून बघा. घर विकायला निघालं तर आधी तुम्हाला विचारायचं, असं कलम त्या करारात लिहून घ्या. तोवर माहेरच्या गटाचं काम पण मार्गी लागेल, कारण पुढं कधी शेतजमीन घ्यावीशी वाटलीच तर तेच नाव उपयोगी पडणार.

आणि हक्कसोडाची तारीख ठरली असेल तर आज थोरल्या भावाला फोन करून ती पुढं ढकला. कारण विचारलं तर माझं नाव सांगा, वकिलावर रागावायची लोकांना सवय असते. भेटायला येताना चारही गटांचे सातबारे, आठ-अ आणि 1998 च्या वारसा फेरफाराची नक्कल घेऊन या, हक्कसोडाचा कच्चा मसुदा भावांनी दिला असेल तर तोही.