पेपर आधी टाकू की पेटंट? वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

या वेळची पत्रं जवळपास सगळी कॉलेज-युनिव्हर्सिटीतून आलीत, थिसिस सबमिशनचा सीझन दिसतोय. नावं कुणाचीच छापत नाही, कारण काही पत्रांत गाइडबद्दल जे लिहिलंय ते छापलं तर व्हायवाचं काही खरं नाही.

प्रश्न: ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातली, केमिस्ट्रीत पीएचडी करतेय. बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड कमी करणारं अ‍ॅल्युमिनावालं मटेरियल बनवलंय, रिझल्ट खरंच चांगलेत. डिसेंबरमध्ये एका कॉन्फरन्सला पेपर वाचला. आता दोन महिन्यांत थिसिस द्यायचाय. सर म्हणतात आधी जर्नलला पाठव, पेटंटचं नंतर बघू. आणि पेटंट केलंच तर सरांचं आणि एचओडींचं नाव, माझ्या नावाचं विचारलं तर "बघू". मला फेलोशिप मिळते, म्हणजे मी युनिव्हर्सिटीची नोकर झाले का? सगळं त्यांचंच का?

उत्तर: अगं, पहिल्यांदा जर्नलचं थांबव. नावांचं भांडण नंतरही करता येईल, पण एकदा छापून आलं की ते परत घेता येत नाही. पेटंट मिळायला गोष्ट नवी लागते आणि तू स्वतःच जगाला सांगितलेली गोष्टसुद्धा कायद्याच्या नजरेत जुनीच झाली. आपल्या पेटंट कायद्यात कलम 31 आहे, त्यात लर्नेड सोसायटीपुढे, म्हणजे अभ्यासकांच्या विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या किंवा अशा सोसायटीच्या ट्रान्झॅक्शन्समध्ये, म्हणजे तिच्या स्वतःच्या प्रकाशनात छापलेल्या पेपरला 12 महिन्यांची सवलत आहे आणि 2024 च्या नियमांपासून त्यासाठी फॉर्म 31 भरावा लागतो. पण कुठलंही पैसे घेऊन भरवलेलं कॉन्फरन्स म्हणजे लर्नेड सोसायटी नाही आणि कुठलंही जर्नल तर नाहीच, तेव्हा या सवलतीच्या भरवशावर निवांत बसू नकोस. तुझं कॉन्फरन्स नेमकं कुणी भरवलं होतं ते कागद काढून बघ.

थिसिसचंही तेच. यूजीसीच्या नियमानुसार थिसिसची सॉफ्ट कॉपी इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राकडे जाते आणि त्यांच्या शोधगंगा या थिसिसच्या वेबसाइटवर कुणीही ती उघडून वाचू शकतं. व्हायवासुद्धा ओपन असतो. सगळे अबस्ट्रॅक्टला घाबरतात आणि थिसिस बिनधास्त अपलोड करतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

मग करायचं काय, तर आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाकायचा. ऑनलाइन सरकारी फी फक्त 1600 रुपये, व्यक्तीला तेवढीच आणि 2021 पासून शिक्षणसंस्थेलाही तेवढीच, कंपनी मोठी असेल तर 8000. त्यात तुझी तारीख पक्की होते आणि पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन द्यायला 12 महिने मिळतात. अर्ज पडला की दुसऱ्या दिवशी जर्नलला पाठव, सरही खूश. फक्त प्रोव्हिजनल दोन पानांत उरकू नकोस, जे लिहिलंच नाही त्याला ती तारीख मिळत नाही, त्यामुळे टेम्परेचर, प्रमाण, पीएच सगळं घाल.

परदेशाचं मात्र अवघड दिसतंय. स्वतःच आधी जाहीर केलेल्या शोधावर अर्ज करायला अमेरिका, जपानमध्ये वर्षभराची मुभा आहे, युरोपात अशी सरसकट मुभा नाही. हे मोठमोठ्यांचंही झालंय. जीन जोडायचं तंत्र काढणाऱ्या कोहेन आणि बॉयर यांचा पेपर नोव्हेंबर 1973 मध्ये आला, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीने अर्ज टाकला नोव्हेंबर 1974 मध्ये, म्हणजे अमेरिकेतली एक वर्षाची मुदत संपायला आठवडा राहिला असताना. अमेरिकेत पेटंट मिळालं, त्यातून साधारण 25 कोटी डॉलर आले, पण बाकीच्या जगातला हक्क त्या पेपरनेच घालवला होता.

आता मालकीचं. फेलोशिप म्हणजे नोकरी नव्हे. आपल्या कायद्यात अर्ज करायचा हक्क खऱ्या आणि पहिल्या संशोधकाचा किंवा त्याने लेखी हक्क दिलेल्याचा, म्हणजे सुरुवात तुझ्यापासून होते. अमेरिकेत 1980 चा बे-डोल कायदा आहे, सरकारी पैशातल्या संशोधनाची मालकी युनिव्हर्सिटीला ठेवता येते. आपल्याकडे त्याच धर्तीचं बिल 2008 मध्ये राज्यसभेत आलं, पडून राहिलं आणि 2014 मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे इथे सगळं तुमच्या युनिव्हर्सिटीच्या आयपीआर (बौद्धिक संपदा हक्क) पॉलिसीवर आणि अ‍ॅडमिशनच्या वेळी तू काय सही केलीस त्यावर. ते हमीपत्र मिळव, ऑफिसमध्ये अर्ज देऊन कॉपी माग. बहुतेक ठिकाणी मालकी संस्थेकडे आणि रॉयल्टीत संशोधकाचा वाटा असतो, वाटा किती ते पॉलिसीतच लिहिलेलं असतं.

नाव ही मात्र मालकीपेक्षा वेगळी गोष्ट. मालकी देऊन टाकली तरी संशोधक म्हणून नाव तुझंच राहतं, कलम 28 त्यासाठीच आहे. एचओडींनी त्या मटेरियलच्या कल्पनेत भर घातली असेल तर त्यांचं नाव यावं, लॅबची किल्ली दिली म्हणून येत नाही. खऱ्या संशोधकाला डावलून अर्ज केला असेल तर त्याच कारणावरून विरोधही करता येतो आणि पेटंट रद्दही करून घेता येतं. हे सरांना भांडून सांगू नकोस, "सर, नाव चुकलं तर पेटंटच जाईल असं ऐकलंय" एवढं म्हण, बहुतेकांना ते पुरतं. आणि लॅब नोटबुकवर तारखा टाकत जा, कोऱ्या पानांवर रेघ मार.

प्रश्न: मी पुण्यात पीएचडी करतो. मशीन वापरायला तीन महिने एका कंपनीच्या लॅबमध्ये जायचंय. गेटवर व्हिजिटर फॉर्म म्हणून सहा पानं दिली. सगळेच सही करतात म्हणे. करू का?

उत्तर: वाचल्याशिवाय नाही. स्टॅनफर्डच्या एका संशोधकाने नेमकं हेच केलं होतं. युनिव्हर्सिटीला त्याने लिहून दिलं होतं की शोध लागले तर हक्क द्यायला मी कबूल आहे, मग सेटस नावाच्या कंपनीत पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायचं तंत्र शिकायला गेला आणि तिथल्या व्हिजिटर कागदावर सही केली, त्यात होतं की हक्क याद्वारे देत आहे. एचआयव्ही मोजायची टेस्ट तयार झाली, पुढे सेटसचा तो धंदा रोश या औषध कंपनीने घेतला आणि केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली. 2011 मध्ये स्टॅनफर्ड हरलं. सरकारी पैसा लागला म्हणून हक्क आपोआप युनिव्हर्सिटीचा होत नाही, असं कोर्ट म्हणालं, आणि युनिव्हर्सिटीकडे नुसतं पुढे हक्क देण्याचं वचन होतं, कंपनीच्या कागदाने मात्र तो तिथल्या तिथे दिला गेला होता. आपल्याकडे हा निकाल लागू नाही, पण इथेही कागदच बोलतो. तुम्ही ती सहा पानं गाइडला आणि संस्थेच्या टेक ट्रान्सफर किंवा आयपीआर सेलला पाठवा आणि कंपनीला म्हणा की करार संस्थेशी करा. गुप्ततेपुरती सही ठीक, शोधाचा हक्क देणारं कलम खोडून घ्या. आणि पेपर कधी छापता येईल याचा उल्लेख नसेल तर तो घालून घ्या, नाहीतर थिसिस अडकतो.

प्रश्न: सिंधुदुर्गात बॉटनी शिकवतो. आमच्याकडचे जुने लोक जखमेवर एक पाला लावतात. त्याच्या अर्काचं मलम केलंय. पेटंट मिळेल का?

उत्तर: सर, "पाला जखमेवर चालतो" एवढ्यावर नाही. पारंपरिक ज्ञान कलम 3 मध्येच वगळलंय. हळदीचं आठवत असेल, जखम भरायला हळद यावर 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला पेटंट मिळालं होतं, माशेलकर सरांच्या काळात सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने जुने संस्कृत, उर्दू, हिंदी दाखले काढून आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. तुमच्या मलमात काही नवं असेल, म्हणजे वेगळा घटक, वेगळी प्रक्रिया, अर्कापेक्षा जास्त परिणाम आणि त्याचा डेटा, तर गोष्ट वेगळी. दुसरं म्हणजे जैवविविधता कायदा. 2023 च्या दुरुस्तीनंतर भारतीयांना पेटंट मिळण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते आणि माल बाजारात आणताना मंजुरी. अर्जात वनस्पती कुठून घेतली ते लपवू नका, ते लपवणं हे पेटंट रद्द व्हायचं कारण ठरतं. आणि ज्या माणसांनी पाला दाखवला त्यांचा वाटा ठरवायचाय हे लक्षात ठेवा, तेही या कायद्यातच आहे.

प्रश्न: मुलगा इंजिनिअरिंगला आहे, अ‍ॅप बनवलंय. मामा न्यू जर्सीत आहेत, म्हणतात डायरेक्ट अमेरिकेत पेटंट टाकू. चालेल?

उत्तर: मामांना थांबायला सांगा. भारतात राहणाऱ्याने बाहेर अर्ज करायचा तर आधी इथल्या पेटंट ऑफिसची लेखी परवानगी लागते, नाहीतर आधी इथे अर्ज टाकून सहा आठवडे थांबायचं, कलम 39. मोडलं तर इथला अर्ज सोडून दिल्यात जमा होतो आणि शिक्षेचीही तरतूद आहे. शिवाय नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला आपल्याकडे पेटंट नाही, कोडला कॉपीराइट मिळतो. प्रोजेक्ट कॉलेजच्या लॅबमध्ये केला असेल तर आधी त्याच्या कॉलेजची पॉलिसी मागवा आणि मला पाठवा, मग पुढचं सांगते.