ट्रॅकमध्ये व्हर्जन कंट्रोल बंद-चालू करताना : वाचकांचे प्रश्न

ट्रॅक ही सॉफ्टवेअर प्रकल्पाची तिकिटे (कामांच्या आणि चुकांच्या नोंदी), विकी आणि व्हर्जन कंट्रोल, म्हणजे कोडमधील बदलांचा इतिहास, एकत्र दाखवणारी वेब प्रणाली. कोड दुसरीकडे गेला, तिकिटे आणि विकी मात्र ट्रॅकवरच राहिले, अशा कार्यालयांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. खाली दिलेली सेटिंगची नावे फाइलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची आहेत.

प्रश्न : रिपॉझिटरी (कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा) नसताना ट्रॅक चालतो का?

चालतो. एन्व्हायर्नमेंट, म्हणजे ट्रॅकच्या एका साइटचे फोल्डर, तयार करणाऱ्या इनिटएन्व्ह आदेशाला रिपॉझिटरीचा पत्ता देऊच नका.

प्रश्न : नव्या सर्व्हरवर ‘अनसपोर्टेड व्हर्जन कंट्रोल सिस्टम एसव्हीएन’ असा एरर येतो (एसव्हीएन म्हणजे सबव्हर्जन, कोडचा इतिहास ठेवणारी प्रणाली). होस्टिंगवाले म्हणतात की ट्रॅकने सबव्हर्जन सोडले, आता पैसे भरून गिट या दुसऱ्या प्रणालीवर या.

ट्रॅकने काहीही सोडलेले नाही. 2012च्या 1.0 आवृत्तीपासून सबव्हर्जनचे घटक नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आपोआप चालू नसतात, एवढेच. ट्रॅक.आयएनआय या सेटिंग फाइलच्या ‘कम्पोनंट्स’ विभागात ‘ट्रॅकऑप्ट.व्हर्जनकंट्रोल.एसव्हीएन.* = एनेबल्ड’ ही एक ओळ घाला. एका ओळीसाठी स्थलांतराचे बिल कशाला भरता?

ओळ घालूनही एरर राहिला, तर सबव्हर्जनची पायथन बाइंडिंग्ज (पायथन भाषेत लिहिलेल्या ट्रॅकला सबव्हर्जनशी जोडणारा कोड) तपासा. ट्रॅकला स्विग या साधनाने बनवलेली बाइंडिंग्ज लागतात, पायएसव्हीएन ही वेगळी बाइंडिंग्ज चालत नाहीत. ट्रॅक 1.6 पायथन 3वर चालतो, 1.4 पायथन 2वर. बाइंडिंग्ज त्याच पायथनची हवीत. डेबियन लिनक्सवर बाइंडिंग्जचे पॅकेज टाकले आणि ट्रॅक मात्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनच्या वेगळ्या कप्प्यात) असेल, तर ‘सिस्टम-साइट-पॅकेजेस’ पर्यायाशिवाय त्याला ते दिसणारच नाही.

प्रश्न : एसव्हीएन दुसऱ्या मशीनवर आहे. फक्त यूआरएल दिली तर?

नाही चालणार. रिपॉझिटरी त्याच मशीनच्या फाइल सिस्टिममध्ये लागते. एसव्हीएनसिंक या सबव्हर्जनच्या साधनाने आरसा-प्रत ठेवा, पण आधी सर्व्हर सांभाळणाऱ्याशी बोला.

प्रश्न : ‘ब्राउझ सोर्स’ची टॅब आम्ही ‘मेननॅव्ह’ या मुख्य मेनूच्या सेटिंगमधून काढली. आता कोड बाहेरच्यांना दिसणार नाही ना?

दिसेल! कुठल्या तरी चर्चेत वाचलेला हा उपाय पुढे पुढे सरकत राहतो आणि कोड उघडा पडतो. टॅब काढल्याने फक्त मेनूतला दुवा जातो. लॉगआउट करा, खाजगी विंडो उघडा आणि साइटच्या पत्त्यापुढे ‘/ब्राउझर’ टाइप करा. फोल्डरांची यादी आली, तर काहीच बंद झालेले नाही. मग टाइमलाइन, तिची आरएसएस फीड आणि शोधही पाहा; कमिटचे (कोडमधला बदल नोंदवताना लिहिलेले) संदेश तिथेही येतात.

कारण साधे आहे. नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘अनॉनिमस’ला (लॉगिन न केलेल्या पाहुण्याला) ब्राउझर, चेंजसेट (एका कमिटमधले बदल), फाइल आणि लॉग पाहण्याच्या चारही परवानग्या मुळातच दिलेल्या असतात. कोड कोणालाच नको असेल तर ‘ट्रॅक.व्हर्जनकंट्रोल.* = डिसेबल्ड’ करा. टीमला हवा असेल तर या चार परवानग्या अनॉनिमसकडून काढा आणि टीमच्या गटाला वेगळ्या द्या. लॉगिन केलेल्यांना त्या अनॉनिमसकडूनच वारशाने येतात, त्यामुळे नाही दिल्यात तर तुमचेच लोक बाहेर राहतील. शिवाय अपाची या वेब सर्व्हरवरून एसव्हीएनचा थेट पत्ता चालू असेल, तर तो ट्रॅकच्या हाती नाही. तिथले नियम वेगळे तपासावे लागतात.

कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असेल तर तो आज बदला, बैठकीची वाट पाहू नका. काही दिवस उघडे असल्याची शंका असेल, तर सर्व्हरचे लॉग जाणकाराला दाखवा, स्वतः पुसू नका.

प्रश्न : घटक बंद केल्यावर जुना इतिहास पुसला जाईल?

नाही. तिकिटांतले चेंजसेटचे दुवे साधा मजकूर म्हणून दिसतील, घटक पुन्हा चालू केले की परत येतील. तरी आधी ‘ट्रॅक-अॅडमिन’ आदेशाची हॉटकॉपी (सुरू असतानाच घेतलेली प्रत) घ्या. तिच्यात एन्व्हायर्नमेंट येते, बाहेर ठेवलेली रिपॉझिटरी येत नाही. तिच्यासाठी ‘एसव्हीएनअॅडमिन हॉटकॉपी’ वेगळी. दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय, आणि डेटाबेस पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल असेल तर तो सांभाळणाऱ्याला विचारल्याशिवाय, डिस्कवरचे एकही फोल्डर उडवू नका.