क्वीन्समध्ये कुठे जेवावं? आधी कधी, ते सांगते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये आईबाबांना घेऊन दहा दिवस न्यूयॉर्कला येताय, तिथल्या क्वीन्स या भागात जगभरचं खायला मिळतं असं ऐकलंय, आई पक्क्या शाकाहारी, बाबांना ‘सगळं चालतं’, आणि चांगल्या रेस्टॉरंटांची यादी हवी आहे.

यादी दिली असती, पण इथली दुकानं फार हलतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मागच्या उन्हाळ्यात पेरू देशाच्या पद्धतीची भाजलेली कोंबडी मिळायची, आता तिथे बबल टी मिळतो. शिवाय क्वीन्समधल्या एल्महर्स्टला अकरा वर्षं काढल्यावर मला एवढं कळलंय की इथे ‘कुठे’च्या आधी ‘कधी’ ठरवावं. ज्यांचं जेवण आहे ती माणसं ज्या वेळेला जेवतात त्या वेळेला जायचं. आडवेळेला गेलात तर तेच दुकान, तोच आचारी, पण पुढ्यात येतं ते सकाळचं गरम केलेलं.

सात नंबरची गाडी धरा. मॅनहॅटनमधून नदीखालून ती क्वीन्समध्ये येते, वर निघते आणि मग बहुतेक वाट रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवरून धावते. फ्लशिंगपर्यंत ती १९२८ साली पोचली. पण आज खिडकीतून जे दिसतं त्याचं मूळ अमेरिकेच्या १९६५च्या स्थलांतर कायद्यात आहे. त्याआधी कुठल्या देशातून किती माणसं घ्यायची याचा कोटा ठरलेला असे आणि त्यात युरोपचं पारडं जड. तो कोटा गेला, आणि नंतर आलेल्यांनी या गाडीच्या कडेने घरं धरली, कारण भाडं परवडायचं आणि कामावर जायला गाडी दाराशी. क्वीन्सची लोकसंख्या सुमारे २४ लाख, त्यातली जवळजवळ निम्मी माणसं दुसऱ्या देशात जन्मलेली. वुडसाइडला फिलिपिनो, ७४व्या रस्त्याला आपण, बांगलादेशी, नेपाळी आणि तिबेटी, पुढे कोलंबिया आणि इक्वेडोर, कोरोनाला मेक्सिको, शेवटच्या स्टेशनला चीन. (कोरोना हे वस्तीचं नाव आहे, फार जुनं. बाबा विनोद करणारच, करू द्या.)

७४व्या रस्त्याला उतरलात की समोशांचा वास येईल आणि आई म्हणतील, इथेच बसू या. बसू नका. पटेल ब्रदर्समधून लिंबं, मिरच्या काय हवं ते घ्या आणि पुढे चला. माझ्या सासूबाई कऱ्हाडहून आल्या तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा इथेच तिबेटी खायला नेलं. मोबाइलच्या दुकानातून आत शिरायचं, सिमकार्डांच्या काउंटरला वळसा घालून एका अरुंद बोळातून मागे, तिथे चार-पाच टेबलं. सासूबाईंनी पर्स घट्ट धरली होती. मोमो आले तेव्हा त्यांनी आधी पाऱ्या मोजल्या. ‘कळ्या बऱ्या पडल्यात,’ म्हणाल्या, ‘पण मोदकाला नाक असतं, याला नाहीये.’ आईंसाठी बटाट्याचे मागा, त्यांना शोगो मोमो म्हणतात. आणि लाफिंग मागा: मुगाच्या सत्त्वाच्या गार, गुळगुळीत पट्ट्या, वर व्हिनेगर, लसूण आणि लाल तिखट. सुरळीच्या वडीला तिखटाची आंघोळ घातल्यासारखी लागते. सासूबाईंनी दोन घेतल्या.

बाबांविषयी मात्र आताच विचारून ठेवा. आपल्याकडे ‘सगळं चालतं’ म्हणजे कोंबडी, मटण, मासे. इथल्या तिबेटी मोमोत न विचारता येतं ते बहुतेक बीफ. ऑर्डर देण्याआधी स्पष्ट बोला, म्हणजे घास तोंडाशी गेल्यावर गोंधळ होणार नाही.

आईंच्या बाबतीत मी स्वतः केलेली चूक सांगते. एल्महर्स्टला थाई मंडळींची मोठी वस्ती आहे, त्यांचं बौद्ध देऊळही इथेच आहे. घराजवळच्या एका थाई हॉटेलात मी ‘व्हेजिटेरियन’ एवढं एकच सांगितलं आणि हिरव्या पपईची कोशिंबीर मागवली. बशी टेबलावर ठेवायच्या आतच सासूबाई म्हणाल्या, ‘यात सुकट आहे.’ होतीच. त्या दोष देत नव्हत्या, शेजारच्या मालवणी बिऱ्हाडाशी चाळीस वर्षं भिंत वाटून घेतली होती, वास ओळखला एवढंच. वेटर बिचारा बुचकळ्यात पडला. त्याच्या हिशेबी मांसाचा तुकडा नाही म्हणजे व्हेज झालं, सुकट काय किंवा माशाचा रस काय, ते आपल्या मिठासारखं. तेव्हापासून थाई हॉटेलात मी ‘जे’ म्हणते. हा त्यांचा कडक बौद्ध शाकाहार, त्यात मासेबिसे तर नाहीतच, कांदा-लसूणही वर्ज्य. आपल्या चातुर्मासासारखं. हा शब्द उच्चारला की समोरच्या माणसाचा चेहराच बदलतो, मग तो स्वतःच सांगतो यातलं काय खा, काय नको. मेक्सिकन ठिकाणी असाच दुसरा शब्द लागतो: ‘मांतेका’. म्हणजे डुकराची चरबी. शिजवलेला राजमा निरुपद्रवी दिसतो, पण ‘मांतेका आहे का?’ विचारल्याशिवाय आईंच्या ताटात वाढू नका.

रविवार सकाळ फ्लशिंगसाठी ठेवा. बाउन स्ट्रीटवर गणपतीचं देऊळ आहे, ४ जुलै १९७७ला तिथे प्राणप्रतिष्ठा झाली. हे दाक्षिणात्य वळणाचं देऊळ आणि त्याच्या तळघरात कॅन्टीन. ट्रे घ्यायचा, रांगेत उभं राहायचं, नंबर पुकारला की डोसा उचलायचा. अकराच्या आत पोचा, नंतर दर्शनाची गर्दी खाली उतरते. डोसा चांगला असतो, पण मला तिथलं वातावरण जास्त आवडतं: भरजरी साड्या, पेंगुळलेली पोरं आणि कोपऱ्यात निमूट सांबार खाणारा एखादा चिनी शेजारी. २०२२मध्ये शहराने या रस्त्याला गणेश टेंपल स्ट्रीट हे जोडनाव दिलं. मूळ नाव ज्या जॉन बाउनचं, त्याला १६६२मध्ये आपल्या घरात वेगळ्या पंथाची प्रार्थना होऊ दिली म्हणून अटक झाली होती. त्याच्याच नावाच्या रस्त्यावर आता गणपतीचा रथ निघतो.

देवळातून चालत मेन स्ट्रीटला या, तेवढ्यात डोसा जिरतो. इथल्या मॉलच्या तळघरांत खाण्याचे गाळे आहेत. बाबांना जिरं आणि लाल मिरची घातलेलं लॅम्ब आणि हाताने ओढलेल्या जाड नूडल्स खाऊ घाला. हे चीनमधल्या शिआन शहराकडचं जेवण. ज्या ‘शिआन फेमस फूड्स’च्या आता शहरभर शाखा आहेत, ते २००५मध्ये इथल्याच एका तळघरात सुरू झालं. कणकेचा लांब गोळा ओट्यावर आपटतानाचा आवाज लांबून येतो, त्या आवाजाच्या रोखाने चाला.

आता ज्याच्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं ते. रिचमंड हिल सात नंबरच्या गाडीवर नाही. ‘ए’ गाडीने लेफर्ट्स बुलेवर्डला जायचं आणि खाली लिबर्टी अ‍ॅव्हेन्यूवर उतरायचं. ही गयाना आणि त्रिनिदादची वस्ती. १८३८पासून १९१७पर्यंत उसाच्या मळ्यांसाठी जहाजांतून नेलेल्या गिरमिटिया मजुरांची ही पणतवंडं-खापरपणतवंडं, मूळची बहुतेक भोजपुरी मुलखातली. घरांपुढच्या वीतभर बागेत बांबूवर रंगीत झेंडे दिसतील, ते पूजेनंतर रोवलेले असतात.

शनिवारी सकाळी जा, कारण ‘डबल्स’ हा न्याहारीचा पदार्थ. हळद घातलेल्या पिठाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (त्यांना ‘बारा’ म्हणतात), त्यावर रसदार छोले, चिंच, काकडी. काउंटरवरची बाई विचारेल, ‘पेपर?’ म्हणजे मिरीबिरी नव्हे, मिरचीचा ठेचा. पहिल्यांदा ‘स्लाइट’ म्हणा. मी कोल्हापूरची, तरी सांगते, ‘स्लाइट’ म्हणा. कागदात गुंडाळून देतात, उभ्याउभ्या खायचं आणि शर्टाचं जे होईल ते होऊ द्यायचं.

मग दालपुरी मागा. सासूबाईंनी एक तुकडा तोडला, आत पिवळ्या डाळीचं कोरडं, भुरभुरीत पुरण, जिऱ्याचा वास. ‘अगं, ही तर पुरणपोळी. गूळ विसरली.’ मी हसत ते वाक्य इंग्रजीत करून काउंटरवरच्या बाईला सांगितलं. ती साठीची असेल. म्हणाली, ‘माझी आजी अशीच करायची.’ बाकी सगळं इंग्रजीत, पण ‘आजी’ मात्र आजीच. सासूबाईंना वाटलं बाई मराठी आहे. त्यांनी तिला थेट विचारलं, ‘तुम्ही कुठल्या?’ तिला काही कळलं नाही. भोजपुरीतही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात हे मी दोघींना समजावेपर्यंत मागे रांग लागली होती. निघताना तिने पिशवीत एक दालपुरी जास्त टाकली.

रात्रीचं एकच सांगते. नऊनंतर जॅक्सन हाइट्सला रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर, गाडीच्या रुळांखालून चाला. कोलंबियाचे अरेपा म्हणजे मक्याची जाड भाकरी, तव्यावर लोण्यात भाजून वर चीज. गोड मक्याचा ‘अरेपा दे चोक्लो’ आईंना नक्की आवडेल. इथली ‘अरेपा लेडी’ प्रसिद्ध आहे. ती कोलंबियात न्यायाधीश होती, इथे येऊन याच रस्त्यावर हातगाडी लावली, आता घरच्यांचं दुकान आहे. शनिवारी रात्री फ्लशिंग मेडोज कोरोना पार्कमधलं क्वीन्स नाइट मार्केट हाही पर्याय आहे, पदार्थांच्या किमतीला तिथे मुद्दाम मर्यादा घातलेली असते. एका रात्रीत खूप देश उरकतात. मला ते जरा जत्रेसारखं वाटतं, पण दहाच दिवस असतील तर जा.

काही बारीकसारीक: सुट्टे डॉलर जवळ ठेवा, बऱ्याच ठिकाणी कार्ड घेत नाहीत. टेबलावर वाढलं तर १८ ते २० टक्के टिप, काउंटरवरून उचललं तर सक्ती नाही. तिघांत एक पदार्थ घ्या, नाहीतर दुसऱ्या स्टेशनालाच पोट भरेल. काचेवर आरोग्य खात्याचं ए, बी, सी लावलेलं असतं, मी बी बघून परत फिरत नाही, तुम्ही तुमचं ठरवा.

आईंना कांदा-लसूण चालतो का, आणि बाबांचं ते बीफचं, एवढं खाली लिहा. मग दिवसवार सांगते.