क्वांटम प्रकाशाने अणू मोजला तर अचूकतेला मर्यादा उरतच नाही का?

तुमचा प्रश्न असा: साध्या लेसरऐवजी क्वांटम प्रकाश (ज्यातले फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, खास शिस्तीत आणलेले असतात) वापरला तर अणूचं मोजमाप हवं तितकं अचूक करता येतं, असं एका व्हिडिओत ऐकलं. ते खरं का?

नाही. मर्यादा राहते. प्रकाश किती खास बनवला यापेक्षा तो वाटेत किती हरवला यावरच ती जास्त ठरते. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मी काही वर्षं रुबिडियम या धातूच्या अणूंवर काम केलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

गिरगावात आमच्या चाळीच्या गॅलरीवर पत्रा होता. पावसाची सर एकसारखी असली, तरी पत्र्यावर पडणारे थेंब एका सेकंदाला कधी नव्वद, तर कधी एकशे दहा. लेसरचे फोटॉन असेच येतात. सरासरी १०० फोटॉन येत असतील तर मोजणी साधारण १० ने वरखाली होते, १०,००० असतील तर १०० ने. म्हणजे वर्गमुळाइतका चढउतार. याला शॉट नॉइज म्हणतात. रुबिडियम ज्या ७८० नॅनोमीटरच्या प्रकाशाला प्रतिसाद देतो, त्या रंगाचा एक नॅनोवॅट प्रकाश घेतला, तर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३,९०० फोटॉन येतात आणि चढउतार ६२ चा, म्हणजे दीड टक्क्याहून थोडा जास्त. अणूने त्यातला अर्धा टक्का शोषला, तर तो एका मोजणीत दिसणारच नाही.

मग प्रकाश वाढवावा की! जिथे शक्य असेल तिथे तेच करावं. चौपट प्रकाशाने अचूकता दुप्पट होते, आणि लेसरची ताकद वाढवणं क्वांटम प्रकाश बनवण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. अडचण अणूची आहे. रुबिडियमचा अणू एकदा उत्तेजित झाला की सरासरी २६ नॅनोसेकंद तसाच राहतो. त्यामुळे लेसर कितीही प्रखर केला तरी एक अणू सेकंदाला सुमारे १.९ कोटींहून जास्त फोटॉन परत टाकू शकत नाही. त्यातच जी वर्णरेषा (अणू ज्या ठरावीक रंगाला प्रतिसाद देतो ती) मोजायची, तीच प्रखर प्रकाशात रुंदावते. शिवाय प्रत्येक फोटॉन शोषताना अणूला धक्का बसतो आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६ मिलिमीटरने बदलतो. थंड करून स्थिर ठेवलेल्या अणूला असे हजार धक्के बसले की तो जागेवर राहत नाही.

क्वांटम प्रकाशाची खरी गरज इथे पडते: थोडक्याच फोटॉनमधून जास्त माहिती काढायची असते तेव्हा. त्याच पत्र्याच्या कडेवरून गळणारी पागोळी आठवा. टप, टप, टप, अगदी ठेक्यात. फोटॉन असे शिस्तीत आले तर चढउतार वर्गमुळापेक्षा कमी होतो. यालाच स्क्वीझ्ड प्रकाश म्हणतात. तो पहिल्यांदा बनला १९८५ साली, बेल लॅब्समध्ये, तोही सोडियमच्या अणूंच्या मदतीने. मला ही गोष्ट फार आवडते. कागदावर तर याहून मोठी झेप आहे: १०,००० फोटॉन वापरून साध्या लेसरने शंभरात एक इतकी अचूकता येत असेल, तर फोटॉन एकमेकांशी क्वांटम दुव्याने बांधून दहा हजारात एकपर्यंत जाता येतं. ही हायझेनबर्ग मर्यादा. तुमच्या व्हिडिओत बहुधा हीच ऐकवली असेल.

पण पागोळीखाली कुणी डोळे मिटून मधलेच काही थेंब ओंजळीत झेलले तर? खाली पोचणाऱ्या थेंबांचा ठेका मोडतो. जितके थेंब गेले तितका पाऊस परत आला.

हे मी एका पावसाळ्यात नीट शिकलो. आमच्या रुबिडियमच्या सेलच्या, म्हणजे अणू ठेवलेल्या काचेच्या बंद डबीच्या, काचांवर विशेष लेप नव्हता. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. सेलला दोन खिडक्या, म्हणजे चार पृष्ठभाग: जवळजवळ १५ टक्के प्रकाश अणूंशी काहीही संबंध नसताना गेला! आता हिशेब करा. नॉइजची शक्ती (म्हणजे चढउताराचा वर्ग) एक दशांशावर आणलेला उत्तम स्क्वीझ्ड प्रकाश आत सोडला, तर बाहेर येताना ती जवळपास एक चतुर्थांश होते. आणि आत सोडलेला प्रकाश अगदी निर्दोष असता तरीही, १५ टक्के गळती असताना तेवढ्याच फोटॉनच्या साध्या लेसरपेक्षा अचूकता सुमारे अडीच पटीहून जास्त सुधारली नसती. फोटॉन लाखपट वाढवले तरी ही अडीच पट तशीच राहते, आणि सुधारणा पुन्हा वर्गमुळाच्याच चालीने होते. हायझेनबर्ग मर्यादेची ती झेप काचेच्या चार पृष्ठभागांनी गिळलेली असते.

काचेवर लेप देता येतो, चांगला डिटेक्टर आणता येतो. पण एकट्या अणूवर प्रयोग असेल तर अणू स्वतःच प्रकाश चहूकडे फेकतो. ६० अंशांचा शंकू टिपणारं मोठं भिंग लावलं तरी सगळीकडे सारखा जाणारा प्रकाश त्यात जेमतेम ७ टक्के येतो. बाकीच्या प्रकाशासोबत अणूची माहितीही निघून जाते, आणि आत सोडलेला प्रकाश कितीही अद्भुत असला तरी ती परत मिळत नाही. म्हणून अणूला आरशांच्या पोकळीत किंवा बारीक प्रकाशतंतूजवळ ठेवून त्याचा प्रकाश एकाच दिशेला वळवण्याचे प्रयत्न मला नवनव्या क्वांटम अवस्थांइतकेच मोलाचे वाटतात.

याचा अर्थ स्क्वीझ्ड प्रकाश निरुपयोगी असा घेऊ नका. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या निरीक्षणांत २०१९ पासून तो नियमित वापरला जातो. आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ जी लायगो-इंडिया वेधशाळा मंजूर झाली आहे, त्या जातीच्या यंत्रातही एकेक टक्का गळतीशी झगडावं लागतं.

त्या व्हिडिओत ज्या प्रयोगाचा उल्लेख आहे त्याचा शोधनिबंध मिळाला, तर आधी एकच आकडा शोधा: आत सोडलेल्या प्रकाशापैकी किती टक्के शेवटी डिटेक्टरमध्ये मोजला गेला. तो ५० च्या आसपास असेल, तर फायदा दीड पटीच्याही आत राहतो.