वाचकांचे प्रश्न : कारखान्याची साइडिंग आणि सॉफ्टवेअर

प्रश्न : आमच्या कारखान्यात कच्चा माल रेल्वेने येतो आणि तयार मालाचा मोठा भागही रेल्वेनेच जातो. वॅगनांची नोंद आम्ही संगणकावरील तक्त्यात ठेवतो. साठा, खरेदी आणि विक्रीसाठी ईआरपी प्रणाली आहेच. मग केवळ साइडिंगसाठी, म्हणजे कारखान्याच्या आवारातील रेल्वेलाइनींसाठी, वेगळे सॉफ्टवेअर कशाला हवे?

उत्तर : ईआरपीला माल कळतो, जागा कळत नाही. अमुक वॅगनमधून इतके टन कोळसा आला आणि तो अमुक खरेदीपोटी जमा झाला, हे ती चोख सांगते. परंतु तीच वॅगन या घटकेला कोणत्या लाइनवर, कोणत्या दोन वॅगनांच्या मध्ये उभी आहे, या माहितीसाठी तिच्यात बहुधा जागाच ठेवलेली नसते. ट्रकच्या बाबतीत ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण मागचा ट्रक पुढच्याला वळसा घालून निघू शकतो. रुळांवर ती सोय नाही. एका टोकाला बंद असलेल्या लाइनवर शेवटी ढकललेली वॅगन सर्वांत आधी बाहेर येते, आणि मधली एखादी हवी असेल तर तिच्या पुढच्या सगळ्या ओढून दुसऱ्या लाइनवर नेऊन ठेवाव्या लागतात. म्हणूनच साइडिंगच्या सॉफ्टवेअरचा गाभा म्हणजे प्रत्येक लाइनवरील वॅगनांचा क्रम, आणि प्रत्येक शंटिंगनंतर, म्हणजे इंजिनाने वॅगन एका लाइनवरून दुसरीवर हलवल्यानंतर, तो क्रम कसा बदलला याची नोंद.

तक्त्यात हा क्रम लिहिता येतो, पण तो सांभाळता येत नाही. इंजिनाने चार वॅगन ओढून शेजारच्या लाइनवर उलट्या बाजूने ठेवल्या की दोन्ही लाइनींचे क्रम बदलतात, आणि तक्ता भरणाऱ्याने एक ओळ चुकवली तर पुढची प्रत्येक नोंद त्या चुकीवर उभी राहते. शिवाय लाइनची उपयोगी लांबी सांध्याजवळच्या (दोन लाइनी जिथे मिळतात तिथल्या) फाउलिंग मार्कपर्यंतच, म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या खुणेपर्यंतच, धरायची असते; त्यापलीकडे उभी राहिलेली वॅगन शेजारच्या लाइनवरील हालचालीला धडकू शकते. चांगले सॉफ्टवेअर प्रत्येक वॅगनची लांबी, रिकामे वजन, वहनक्षमता आणि सद्यःस्थिती जवळ ठेवते, आणि लाइनवर न मावणारी किंवा दुरुस्तीसाठी बाजूला काढलेली वॅगन नियोजनात घेऊ देत नाही. टाकी वॅगनमध्ये याआधी कोणता द्रव होता, हेही त्याला ठाऊक असावे लागते. रासायनिक कारखान्यात ही एक नोंद बाकी सर्व सोयींपेक्षा मोलाची ठरू शकते.

मात्र दोनच लाइनी असतील आणि आठवड्याला एखादीच गाडी येत असेल, तर भिंतीवरचा फळा आणि नीट ठेवलेली वही पुरेशी आहे असे माझे मत आहे. विक्रेता हे आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : वॅगन कुठे आहे हे कळण्यासाठी उपग्रहावर चालणारे ट्रॅकर लावावेत, आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींवर आपली ओळख सांगणारे बिल्ले) वापरावेत, की कॅमेऱ्याने क्रमांक वाचावेत?

उत्तर : उपग्रहाची मदत लांबच्या प्रवासात होते, आवारात ती तोकडी पडते. साध्या ट्रॅकरची अचूकता काही मीटरची असते आणि शेजारच्या लाइनींमधले अंतरही साधारण तेवढेच. त्यामुळे वॅगन आवारात आहे हे कळते, पण तिसऱ्या लाइनवर की चौथ्या, हे खात्रीने सांगता येत नाही. शेडच्या छपराखाली तर सिग्नलच क्षीण होतो. बहुतेक मालवाहू वॅगनांत वीज नसते, म्हणून बॅटरी बदलण्याचे कामही मागे लागते.

आरएफआयडी टॅगला स्वतःची वीज लागतेच असे नाही. रूळाकडेच्या वाचकयंत्राच्या लहरींवरच तो उत्तर देऊ शकतो. उत्तर अमेरिकेत १९९०च्या दशकापासून मालवाहू वॅगनांवर असे टॅग सर्रास आहेत. अडचण एवढीच की येणाऱ्या वॅगन बहुधा तुमच्या मालकीच्या नसतात, आणि दुसऱ्याच्या वॅगनवर टॅग असेलच असे गृहीत धरता येत नाही. तिथे कॅमेरा उपयोगी पडतो, कारण रंगवलेला क्रमांक प्रत्येक वॅगनवर असतो.

चिखल, काजळी आणि रात्रीचा अंधार यांमुळे कॅमेरा अंक चुकीचा वाचतो, हे खरे आहे. त्यावर क्रमांकाच्या रचनेतच एक उपाय दडलेला आहे. युरोपात प्रचलित असलेल्या यूआयसी (आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटना) पद्धतीत वॅगनचा क्रमांक १२ अंकी असतो, त्यातील शेवटचा अंक केवळ पडताळणीसाठी. पहिल्या ११ अंकांना डावीकडून आळीपाळीने २ आणि १ ने गुणायचे, येणाऱ्या गुणाकारांतील सर्व अंकांची बेरीज करायची आणि ती पुढच्या दहाच्या पटीपर्यंत नेण्यासाठी जो अंक लागेल तो शेवटी लिहायचा. २१८१२४७१२१७ या अंकांची अशी बेरीज ३७ येते, म्हणून पडताळणीचा अंक ३. कोणताही एकच अंक चुकला तर ही पद्धत तो हटकून पकडते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही पकडते, फक्त ० आणि ९ ची जोडी निसटते. भारतीय रेल्वेच्या ११ अंकी क्रमांकातही शेवटचा अंक पडताळणीचाच असतो. हाताने क्रमांक भरतानासुद्धा ही तपासणी न करणारे सॉफ्टवेअर मी घेणार नाही.

यंत्रे मात्र सगळीकडे लावू नयेत. प्रवेशाच्या रुळावर आणि वजनकाट्यावर ती पुरेत; आतल्या हालचाली शंटिंग करणाऱ्याने हातातील उपकरणावर त्याच वेळी नोंदवाव्यात. पाळी संपल्यावर आठवून भरलेली नोंद क्रमाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असते.

प्रश्न : सॉफ्टवेअर घेतल्याने डेमरेज, म्हणजे वॅगन ठरल्या वेळेपेक्षा जास्त अडवून ठेवल्याबद्दलची रेल्वेची आकारणी, कमी होईल का?

उत्तर : सॉफ्टवेअर वॅगन रिकामी करत नाही. ते उशीर कुठे झाला हे दाखवते, बशर्ते की वेळा वेगवेगळ्या नोंदवल्या जातील : गाडी आत आली ती वेळ, वॅगन रिकामी करण्याच्या जागी लागली ती वेळ, काम संपले ती वेळ, ‘वॅगन तयार आहे’ असे रेल्वेला कळवले ती वेळ, आणि इंजिनाने ती प्रत्यक्षात नेली ती वेळ. अनेक ठिकाणी फक्त पहिली आणि शेवटची वेळ लिहिली जाते आणि मग सगळा दोष माल उतरवणाऱ्यांवर येतो. काम संपणे आणि कळवणे यांमध्ये गेलेला वेळ मात्र कार्यालयाचा असतो, आणि तो फुकट सुधारता येतो. आकारणीवर हरकत घ्यायची झाल्यास हीच नोंद पुरावा म्हणून कामी येते.

प्रश्न : शंटिंगचा क्रम संगणकानेच ठरवावा का? आणि सांधेही त्यानेच बदलावेत का?

उत्तर : क्रम सुचवू द्यावा. केवळ १० वॅगन ३६,२८,८०० वेगवेगळ्या क्रमांनी उभ्या करता येतात, आणि कमीत कमी हालचालींत हवा तो क्रम लावणे माणसाला नेहमी साधत नाही. तरीही अनुभवी शंटिंग मास्टरला सूचना नाकारण्याची मुभा हवी आणि नाकारण्याचे कारण नोंदवण्याची सोय हवी, कारण त्या कारणांतूनच नियोजनाचे नियम सुधारतात.

सांध्यांचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. सांधे आणि सिग्नल इंटरलॉकिंगच्या, म्हणजे एकमेकांना छेदणारे मार्ग एकाच वेळी खुले होऊ न देणाऱ्या सुरक्षा प्रणालींच्या, अखत्यारीत राहावेत. त्या प्रणाली सुरक्षेच्या वेगळ्या मानकांनुसार तयार होतात आणि तपासल्या जातात. नियोजनाच्या सॉफ्टवेअरने त्यांच्याकडून सांध्यांची स्थिती वाचावी, आज्ञा देऊ नये.

प्रश्न : विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात काय पाहावे?

उत्तर : तयार उदाहरण पाहू नका. तुमच्या साइडिंगचा नकाशा आणि एका गर्दीच्या दिवसाच्या खऱ्या नोंदी द्या, त्यात मुद्दाम एक हालचाल चुकीची भरा, आणि पुढच्या पाच-सहा हालचाली झाल्यावर ती मागे जाऊन दुरुस्त करायला सांगा. नंतरचे सगळे क्रम आपोआप पुन्हा मांडले गेले आणि जुनी नोंद पुसली न जाता दुरुस्ती म्हणून दिसली, तर पुढची बोलणी करावीत. मग हातातील उपकरणाचे नेटवर्क बंद करून हीच चाचणी पुन्हा घ्यावी.